केळकरांचा आयर्लंड आणि बोरगावची शाळा

१९०९ साली न. चिं. केळकरांचा 'आयर्लंडचा इतिहास' प्रसिद्ध झाला तेव्हा लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. आदल्या वर्षीच्या जुलैत त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. त्या निकालावर लिहिल्याबद्दल, हायकोर्टाची बेअदबी केली म्हणून, खुद्द केळकरांनाही थोडे दिवस तुरुंगाची हवा खावी लागली होती. सावरकरांचे इटालियन क्रांतिकारक मॅझिनीचे चरित्र १९०७ मध्ये निघाले आणि सरकारने ते जप्त केले. परक्या देशाचा इतिहास लिहिणे हेसुद्धा जोखमीचे काम झाले होते. अशा दिवसांत पुण्यातल्या एका संपादकाने, इंग्रजांच्या अगदी शेजारी असलेल्या आणि आपल्याही कितीतरी आधी त्यांच्या ताब्यात गेलेल्या बेटाची हकीगत मराठी वाचकांपुढे ठेवली. तिला आता शतकाहून अधिक काळ लोटला. प्रस्तुत लेखसंग्रह त्या पुस्तकापासून निघतो आणि सौसर तालुक्यातल्या बोरगावात येऊन थांबतो. हा प्रवास वाचकाला आडवळणाचा वाटेल, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबणार आहे.

नरसिंह चिंतामण केळकर १८७२ साली मोडनिंबला जन्मले, वकिली शिकले, १८९६ मध्ये टिळकांच्या बोलावण्यावरून पुण्यात आले आणि पुढचे सगळे आयुष्य 'मराठा' आणि 'केसरी'च्या लेखणीला बांधले गेले. स्वातंत्र्यानंतर दोनच महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९४७ रोजी ते गेले. लोक त्यांना साहित्यसम्राट म्हणत. त्यांचे तीन खंडांतले टिळकचरित्र, 'मराठे व इंग्रज', 'तोतयाचे बंड' हे नाटक, 'हास्यविनोदमीमांसा', 'गतगोष्टी' हे आत्मचरित्र ही नावे अजून घेतली जातात. गॅरिबाल्डीचे चरित्र त्यांनी लिहिले, राज्यशास्त्रावर लिहिले, कादंबऱ्या लिहिल्या, कविताही केल्या. इतके विविध लिहिणाऱ्या माणसाचे एक नुकसान होते. प्रत्येक वाचक त्याचा एकेकच कप्पा उघडतो. नाटकवाला आयर्लंडकडे जात नाही आणि इतिहासवाला विनोदाकडे फिरकत नाही.

या संग्रहाने केळकरांचे तीन कप्पे एकदम उघडले आहेत. पहिला इतिहासाचा, म्हणजे १९०९ चा आयर्लंड. दुसरा श्रद्धेचा. १९३४ साली 'भारतीय तत्त्वज्ञान' लिहिणारे केळकर आयुष्याच्या अगदी अखेरीस, १९४६ मध्ये, 'ज्ञानेश्वरी सर्वस्व' घेऊन आले. तिसरा शिक्षणाचा. या विषयात ते ग्रंथकारापेक्षा संपादक म्हणून अधिक वावरले. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी आणि बहिष्कार यांच्या जोडीला राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव केला, आणि 'केसरी'च्या मंडळींना ते चौथे कलम जिवाभावाचे होते. विष्णु गोविंद विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय याच विचारातून चालले आणि १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले. इतिहास, श्रद्धा, शिक्षण हे तिन्ही विषय केळकरांना मनापासून प्रिय होते, पण त्यांनी ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या टेबलांवर बसून लिहिले. आयर्लंडच्या कहाणीत मात्र हे तीन धागे एकमेकांत असे गुंतले आहेत की एक ओढला की बाकीचे दोन हलतात. ते एकत्र धरले की आपल्या सीमाभागातल्या मराठीविषयी काहीतरी दिसू लागते, असे या लेखकांचे म्हणणे आहे. ते मला पटते.

आता बोरगावच का, हे सांगायला हवे. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे हे गाव बाहेरच्यांना तिथल्या औद्योगिक क्षेत्रामुळे माहीत असते. आजूबाजूला संत्र्याचे बगीचे आणि कपाशी. देवगडच्या गोंड राजांचा हा मुलूख पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. मध्यप्रांतात सौसर-पांढुर्ण्याचे तोंड नागपूरकडेच होते. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मात्र मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिण कडेची ही मराठी गावेही तिथेच राहिली. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा बदलला, शाळेचे माध्यम हिंदीच राहिले.

इथल्या कोणत्याही प्राथमिक शाळेत जाऊन बसावे. सकाळी घरी 'मले पाणी दे व माय' म्हणणारे पोर दहा वाजता वर्गात हात वर करून 'सर, पानी पीने जाऊँ?' विचारते. मधल्या सुट्टीत भांडण मराठीतून, तक्रार हिंदीतून. संध्याकाळी तेच पोर मारुतीच्या देवळात हरिपाठाला उभे असते, हातात टाळ, सत्तावीस अभंग तोंडपाठ. पण छापील हरिपाठ त्याच्या पुढे धरला की ते 'ळ' जवळ अडखळते, कारण शाळेच्या हिंदी वर्णमालेत ते अक्षर त्याला कोणी शिकवलेलेच नसते. त्याला तो शब्द म्हणता येतो, वाचता येत नाही. या संग्रहाचा सगळा प्रश्न त्या अक्षराशी उभा आहे.

आयर्लंडकडे जाऊ. नॉर्मन सरदार ११६९ मध्ये बेटावर उतरले आणि तिथपासून इंग्लंडचा पाय तिथे रोवला गेला. १३६६ चे किल्केनीचे कायदे मोठे बोलके आहेत. इंग्रज वसाहतकऱ्यांनीच आयरिश भाषा आणि आयरिश चालीरीती उचलू नयेत, म्हणून ते करावे लागले. म्हणजे त्या काळी भाषा जिंकत होती आणि राज्यकर्ते घाबरले होते. सोळाव्या शतकात इंग्लंड प्रॉटेस्टंट झाले, आयर्लंड कॅथलिकच राहिले आणि जमिनीच्या भांडणात देवाचे भांडण मिसळले. १६०९ पासून अल्स्टरमध्ये वसाहती, १६४९ मध्ये क्रॉमवेलने ड्रोएडाला केलेली कत्तल, १६९० ची बॉइनची लढाई हे सगळे वाचकाला कोणत्याही इतिहासात सापडेल. आपल्याला थांबायचे आहे ते १६९५ पाशी. त्या वर्षीच्या कायद्याने कॅथलिकांना शाळा चालवायला मनाई केली आणि मुलांना शिकण्यासाठी परदेशी पाठवायलाही मनाई केली.

मग लोकांनी काय केले? कुंपणाच्या आडोशाला, गोठ्यात, ओसाड भिंतीच्या सावलीत शाळा भरवल्या. मास्तर फिरता, फी कधी पैशात तर कधी जळाऊ पीटच्या रूपात. एखादा पोरगा टेहळणीला बसे. वाचन, हिशेब आणि कुठे कुठे लॅटिनसुद्धा शिकवले जाई. कायदे सैल झाल्यावरही या शाळा चालत राहिल्या. १८२० च्या दशकात सरकारने चौकशी केली तेव्हा शाळेत जाणारी बहुसंख्य आयरिश मुले असल्याच शाळांत सापडली. श्रद्धेवर घाला आला तेव्हा समाजाने आपल्या खिशातून शिक्षण उभे केले, हा या इतिहासातला सगळ्यात तेजस्वी भाग आहे. केळकरांच्या पिढीला राष्ट्रीय शिक्षणाचे जे स्वप्न पडले, त्याचा हा जुना, गरिबाघरचा दाखला.

पण त्याच शाळांत पालक मास्तरांकडे आग्रह धरू लागले होते की पोराला इंग्रजी शिकवा. १८३१ मध्ये सरकारने राष्ट्रीय शाळांची योजना आणली. सगळ्या पंथांच्या मुलांना एकत्र शिकवायचे आणि धर्मशिक्षण वेगळ्या तासाला द्यायचे, असा तिचा मूळ हेतू होता. पंथांनी तो फार काळ टिकू दिला नाही. शतक संपेपर्यंत बहुतेक शाळा कोणत्या ना कोणत्या चर्चच्या हाती गेल्या होत्या आणि गावचा धर्मगुरूच शाळेचा व्यवस्थापक झाला होता. धर्माच्या तासावरून इतकी वर्षे घनघोर वाद झाले, पण भाषेच्या तासावरून जवळजवळ कोणी भांडले नाही. नव्या शाळांत आयरिश भाषेवर बंदी घालण्याची गरजही पडली नाही. तिचे नावच कुठे घेतले नव्हते. पश्चिम किनाऱ्यावरच्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या मुलांपुढे पहिल्या दिवशी इंग्रजी पुस्तक उघडले जाई.

त्या मुलांच्या गळ्यातली काठी या संग्रहात एका लेखाचा विषय आहे. दोरीला बांधलेली लहानशी काठी पोराच्या गळ्यात अडकवायची. ते आयरिश बोलले की काठीवर एक खाच. संध्याकाळी मास्तर खाचा मोजणार आणि तितक्या छड्या देणार. वाचताना संताप येतो आणि आपण लगेच इंग्रज सरकारला बोल लावतो. पण कितीतरी घरांत ती खाच आई किंवा बाप पाडत असे. स्वतः आयरिशखेरीज दुसरी भाषा न जाणणारे आईबाप! त्यांना मुलांचा दुस्वास नव्हता. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे १० लाख माणसे भूक आणि तापाने मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख असलेली वस्ती १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. सर्वात अधिक होरपळला तो आयरिश बोलणारा पश्चिम भाग. अमेरिकेच्या जहाजावर चढायचे तर इंग्रजी हवी, हे त्या बापाला कळत होते. १८५१ च्या खानेसुमारीत आयरिश जाणणारे १५ लाखांवर होते, १९०१ मध्ये ते सुमारे साडेसहा लाख उरले.

यात एक माणूस आवर्जून लक्षात ठेवण्याजोगा आहे. पॅट्रिक कीनन हा सरकारी शाळा तपासनीस. १८५० च्या दशकातल्या आपल्या अहवालांत त्याने लिहिले की आयरिश बोलणाऱ्या मुलांना आधी त्यांच्या भाषेत वाचायला शिकवा, मग त्या पायावर इंग्रजी द्या, म्हणजे दोन्ही भाषा येतील. हा भाषाभिमानाचा पुकारा नव्हता. वर्गात उभे राहून जे डोळ्यांनी दिसले ते नोकरशहाने नोंदवले होते. आयरिश बोलणाऱ्या भागांसाठी द्वैभाषिक अभ्यासक्रम मंजूर झाला तो १९०४ मध्ये. मधल्या अर्धशतकात दोन पिढ्या शाळेतून बाहेर पडल्या.

आता ज्या कोड्यापाशी हा संग्रह येतो ते असे. ज्या लोकांनी दीडशे वर्षे छळ सोसून आपला धर्म सोडला नाही, त्यांनी शंभर वर्षांत आपली भाषा कशी सोडली? १८२९ मध्ये कॅथलिकांना राजकीय हक्क मिळवून देणारा डॅनियल ओकॉनेल घरात आयरिश ऐकतच वाढला होता, पण इंग्रजी अधिक उपयोगाची आहे, आयरिश गेली तरी आपण उसासा टाकणार नाही, अशी त्याची भूमिका होती. १७९५ मध्ये मेनूथला धर्मगुरूंचे विद्यालय निघाले, तिथला कारभार इंग्रजीत. उपासना लॅटिनमध्ये. उलट आयरिशमध्ये बायबल आणि पुस्तके छापून वाटली ती प्रॉटेस्टंट प्रचारकांनी, धर्मांतरासाठी. त्यामुळे छापलेले आयरिश पुस्तक दिसले की गावच्या धर्मगुरूला संशय येई. श्रद्धेला त्या भाषेची गरज उरली नाही आणि भाषेला श्रद्धेचा आधार राहिला नाही.

आपल्याकडे नेमके उलटे झाले. वारकऱ्याची श्रद्धा मराठीतच लिहिलेली आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. हरिपाठ, गाथा, भागवत ही श्रद्धेची पुस्तके आहेत आणि तीच भाषेचीही पुस्तके आहेत. ती दुसऱ्या भाषेत नेता येतात, पण तो विठ्ठल मग तितका ओळखीचा राहत नाही. म्हणून १९५६ नंतर शाळा, कचेरी, कोर्ट सगळीकडून मराठी मागे हटली तरी सौसर-पांढुर्ण्यात ती सप्ताहात, पारायणात, काकड्याला टिकून राहिली. याच पट्ट्यात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना गावोगाव होते. महाराज जन्मले तेही १९०९ साली, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत. त्यांनी मराठीत ग्रामगीता लिहिली आणि हिंदीतही तितक्याच मोकळेपणाने भजने केली. त्यांच्या खंजिरीला दोन भाषांचे ओझे झाले नाही. केळकरांनी आयर्लंडही लिहिला आणि ज्ञानेश्वरीचे सर्वस्वही सांगितले. ही दोन पुस्तके समोरासमोर ठेवली की आयर्लंडच्या कोड्याचे अर्धे उत्तर हाती लागते.

अर्धेच, कारण देवळातली भाषा वाचता येत नसेल तर ती किती पिढ्या तोंडपाठ टिकेल, हे कोडे आपले आहे.

आयर्लंडचा इतिहास लिहिणाऱ्यांमध्येही पंथ पडले आहेत, नव्या वाचकाला त्यांची तोंडओळख हवी. एकोणिसाव्या शतकात जेम्स फ्रूड या इंग्रज इतिहासकाराने १८७२ पासून तीन खंड काढून आयरिश लोक स्वतःचे राज्य चालवायला नालायक असल्याचे मांडले. डब्लिनच्या विल्यम लेकीने त्याला अठराव्या शतकाच्या आपल्या इतिहासात सविस्तर उत्तर दिले. ग्रँट डफचा १८२६ चा मराठ्यांचा इतिहास आणि त्यावर नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांनी केलेली टीका ज्याला माहीत आहे, त्याला हा सामना ओळखीचा वाटेल. राष्ट्रवादी बाजूने ॲलिस स्टॉपफर्ड ग्रीन यांचे पुस्तक १९०८ मध्ये आले, केळकरांच्या आधी एकच वर्ष. १९३८ मध्ये मूडी आणि एडवर्ड्स यांनी 'आयरिश हिस्टॉरिकल स्टडीज' हे नियतकालिक सुरू करून कागदपत्रांची शिस्त आणली. त्यांच्या शिष्यांनी राष्ट्रवादी आख्यायिका तपासायला घेतल्या. पुढे या तपासणीलाही आक्षेप आले. लाखो माणसे उपाशी मेली त्याची हकीगत इतकी थंड आवाजात सांगायची का, असा प्रश्न १९८९ मध्ये ब्रेंडन ब्रॅडशॉ यांनी रोखठोक विचारला. मला तो प्रश्न रास्त वाटतो. पुरावा काटेकोर असावा, पण दुष्काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला भूक ठाऊक नसल्यासारखे लिहिण्याची गरज नाही.

शाळांच्या इतिहासाकडे विद्वान उशिरा वळले. डाउलिंग यांचे कुंपणाआडच्या शाळांवरचे पुस्तक १९३५ चे. डोनाल्ड एकेन्सन यांनी १९७० मध्ये राष्ट्रीय शाळांच्या प्रयोगाचा इतिहास लिहिला. कॅनडात अध्यापन करणाऱ्या या इतिहासकाराने नंतर देवाशी झालेला करार मानणाऱ्या समाजांवर, बायबलवर आणि आयर्लंडच्या प्रॉटेस्टंट व कॅथलिकांमधल्या फरकावरही पुस्तके लिहिली. एकाच माणसाने इतिहास, धर्म आणि शाळा हे तिन्ही विषय हाताळावेत, ही केळकरांची आठवण करून देणारी गोष्ट आहे.

मराठीत आयर्लंड वाचण्याच्याही निरनिराळ्या रीती झाल्या. पहिली राजकारणाची, आणि तीच सर्वात गाजली. आयरिश खासदार आल्फ्रेड वेब १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते. पार्नेल आणि डेव्हिट या आयरिश पुढाऱ्यांच्या कूळ-चळवळीच्या बातम्या इथे आवडीने वाचल्या जात. एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग काढली, केळकर तिचे चिटणीस. त्याच महिन्याच्या अखेरीस डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. टिळकांच्या लीगच्या वाट्याला मध्यप्रांत-वऱ्हाड आला होता, म्हणजे आयर्लंडहून उसनी घेतलेली ती चळवळ आपल्या मुलखापर्यंत पोचली होती. मॅझिनी-गॅरिबाल्डी वाचणाऱ्यांना शस्त्र दिसत होते. आयर्लंड वाचणाऱ्यांना संसद, वर्तमानपत्र, सारा-बंदी अशी अनेक हत्यारे दिसत होती. केळकरांचा स्वभाव या दुसऱ्या वाटेचा, आणि १९२५-२६ मध्ये जयकर आणि नागपूरचे डॉ. मुंजे यांच्यासह त्यांनी प्रतियोगी सहकारितेचा जो पक्ष उभा केला, त्यातही तो दिसतो.

दुसरी रीत शिक्षणाची, ती थोडक्यांनीच चालवली. भगिनी निवेदिता मूळच्या अल्स्टरमधल्या डंगॅननच्या. १८९८ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या बागबाजारात मुलींची शाळा काढली आणि राष्ट्रीय शिक्षणावर लिहिले. तिकडे डब्लिनमध्ये १९०८ मध्ये पॅट्रिक पीअर्सने सेंट एंडाची शाळा काढली. त्याआधी १९०५ मध्ये तो बेल्जियमला जाऊन दोन भाषांत शिकवण्याची तिथली पद्धत पाहून आला होता. ईस्टरच्या उठावापायी ३ मे १९१६ रोजी त्याला गोळ्या घातल्या गेल्या आणि जगाने त्याला हुतात्मा म्हणून लक्षात ठेवले. शाळामास्तर पीअर्स मागे पडला. या संग्रहात हुतात्म्यापेक्षा मास्तराला जास्त पाने दिली आहेत, हे मला फार आवडले.

तिसरी रीत खालून वर पाहण्याची, आणि तिचा दाखला आपल्याला फुल्यांकडे मिळतो. जोतिरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शेतकऱ्याच्या पोराच्या प्राथमिक शाळेसाठी साक्ष दिली. परक्या देशाचा इतिहास वाचताना फुल्यांचा प्रश्न वेगळा असे: तिथे खालच्या माणसाचे काय झाले? आयर्लंडमधल्या कुळांबद्दल पुण्यात सहानुभूती होती, पण कोकणातल्या खोत आणि कुळांच्या भांडणात टिळकांचा 'केसरी' खोतांच्या बाजूला झुकला होता. ही विसंगती झाकून केळकरांच्या पिढीचा गौरव करता येणार नाही. संग्रहातल्या एका लेखात ती स्वच्छपणे मांडली आहे आणि त्यामुळे केळकरांचे पुस्तक लहान होत नाही. ते कोणत्या ओट्यावर बसून लिहिले गेले, एवढे कळते.

हाच न्याय आपल्यालाही लावला पाहिजे. बोरगावचा मराठी माणूस आयर्लंड वाचताना पटकन स्वतःला आयरिश समजेल. पण या मुलखात मराठीच्याही आधी गोंडी होती. देवगडच्या राजांची ती भाषा आज त्यांच्याच जिल्ह्यात किती पोरांना शाळेत ऐकू येते? गोंडी पोराच्या दृष्टीने हिंदी आणि मराठी या दोन्ही बाजारच्या भाषा. आपल्यावर झालेला अन्याय मोजताना आपल्या हातून झालेली खाच मोजायची राहून जाते. या विषयावरचा लेख संग्रहात सर्वात छोटा आहे. तो आणखी मोठा हवा होता, आणि ज्याची भाषा आहे त्याने तो लिहायला हवा होता.

१९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून केळकरांनी सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, तरी आपले भान सोडत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतूनच साहित्याचा आनंद मिळतो, असा तिचा गाभा. इतिहास वाचण्याची इतकी चांगली रीत मला दुसरी माहीत नाही. त्या काठीच्या खाचेची वेदना आपली व्हावी, आणि तरीही सौसर म्हणजे पश्चिम आयर्लंडमधले गॉलवे नव्हे हे भान राहावे. इथे दुष्काळाने भाषा बोलणारे मेले नाहीत. हिंदी ही सात समुद्रांपलीकडून आलेली भाषा नाही. ती शेजारणीची भाषा आहे, कितीतरी घरांत सुनेची भाषा आहे. मराठीसाठी बोलताना हिंदीचा राग करण्याचे काही कारण नाही, आणि या लेखकांनी तो केलेलाही नाही.

आजच हे का, याला कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. कागदावर दार उघडले आहे, पण बोरगावच्या वर्गात मातृभाषा कोणती धरायची, हे ठरवणारे कोणीच नाही. दुसऱ्या बाजूने आयर्लंडचाच एक धडा उत्साहाला लगाम घालतो. १९२२ मध्ये स्वतंत्र राज्य मिळाल्यावर आयरिश भाषा प्रत्येक शाळेत सक्तीची झाली. शंभर वर्षांनी, २०२२ च्या खानेसुमारीत, शिक्षणाबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे ७२ हजारच निघाले. लाखो मुले ती भाषा परीक्षेसाठी शिकली आणि शाळेच्या फाटकाबाहेर पडताच तिथेच ठेवून गेली. शाळेने भाषा घालवता येते, पण एकट्या शाळेने ती परत आणता येत नाही. तिला घर लागते, बाजार लागतो, गाणे लागते. सौसर-पांढुर्ण्याजवळ घर आहे, गाणे आहे, पोळ्याचा पाडवा आणि जाम नदीकाठची गोटमार आहे, संत्र्याच्या बगीच्यात मजुरांशी बोलायची भाषा आहे. इथे उणी आहे ती फक्त शाळा.

संग्रहातले लेख मुख्यतः या पट्ट्यातल्या शिक्षकांनी आणि वाचकांनी लिहिले आहेत. त्यातले बहुतेकजण स्वतः हिंदी शाळेत शिकले आणि मराठी घरी, कीर्तनात किंवा पुढे नागपूरला जाऊन वाचायला शिकले. त्यामुळे कुठे कुठे त्यांच्या वाक्यात हिंदीची लय येते. संपादकांनी ती पुसली नाही, हे बरे केले. केळकरांच्या पुस्तकाचा सारांश इथे मिळणार नाही. ज्याला तो हवा त्याने मूळ पुस्तक मिळवून वाचावे. इथे आहे ते त्या पुस्तकाशी केलेले दीर्घ संभाषण. डब्लिनला शिकलेल्या जॉर्ज ग्रियर्सन या आयरिश माणसाच्या भाषापाहणीचा मराठीवरचा खंड १९०५ चा, म्हणजे केळकरांच्या पुस्तकाच्या चारच वर्षे आधीचा. एका आयरिश माणसाने आपल्या बोलींची नोंद केली, एका मराठी माणसाने त्याच्या देशाचा इतिहास लिहिला. यावरचा लेख अभ्यासकांना विशेष उपयोगी पडेल. शिक्षकांनी मात्र सुरुवात कीननच्या अहवालांवरच्या लेखापासून करावी. ती सरकारी भाषा आज आपल्या गटशिक्षण कार्यालयातूनही येऊ शकेल इतकी जवळची आहे.

लेखकांचे आपापसांत मतभेद आहेत. एका गटाला वाटते की मराठी हा आठवीपर्यंत स्वतंत्र विषय म्हणून मागावा, त्यासाठी अर्ज-विनंत्या कराव्यात. दुसऱ्यांचे म्हणणे की आधी पहिल्या दोन इयत्तांत हिंदीच्याच वर्गात रोज अर्धा तास मराठी वाचन सुरू करावे, त्यासाठी कोणाची परवानगी फारशी लागत नाही, आणि पोराला घरी ठाऊक असलेल्या हरिपाठापासून, गावगाण्यापासून वाचायला लावावे. मी या दुसऱ्या मताचा आहे. अर्जाचे उत्तर येईपर्यंत एक इयत्ता पुढे गेलेली असते, आणि 'ळ' शिकवायला एक दुपार पुरते.